व्हिज्युअल एडिटरने इन्स्टॉलरची स्क्रिप्ट तयार करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्थेचे हिशेब, ग्रंथालयाची नोंदवही, प्रयोगशाळेची बिले अशा कामांसाठी विंडोजवर चालणारे प्रोग्रॅम लिहिणारे अनेक जण प्रोग्रॅमवर महिनोन्‌महिने मेहनत घेतात आणि सेटअप मात्र शेवटच्या दिवशी घाईत उरकतात. ग्राहकाची आपल्या कामाशी पहिली भेट त्या सेटअपमधूनच होत असल्यामुळे त्याला योग्य वेळ द्यायला हवा, असे मला मनापासून वाटते. पुढील उत्तरे मुख्यतः इनो सेटअप या इन्स्टॉलर तयार करण्याच्या साधनाविषयी आणि त्याच्या स्क्रिप्ट फॉर्म भरून तयार करून देणाऱ्या व्हिज्युअल एडिटरांविषयी आहेत.

प्रोग्रॅमचे फोल्डर पेनड्राइव्हवरून कॉपी केले तरी तो चालतो. मग इन्स्टॉलर कशासाठी?

तो चालतो ते आपल्या संगणकावर, कारण त्याला लागणारे सगळे घटक तिथे आधीपासून बसलेले असतात. दुसऱ्या संगणकावर फाइल्स योग्य जागी ठेवणे, स्टार्ट मेनूत शॉर्टकट करणे, रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या व प्रोग्रॅमांच्या सेटिंग्ज जिथे साठवते तिथे) आवश्यक नोंदी घालणे, रनटाइम (प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणारे तयार घटक) नसल्यास तो बसवणे आणि पुढे कधी प्रोग्रॅम काढायचा झाल्यास हे सारे मागे घेणे, एवढी कामे कुणीतरी करावी लागतात. ही कामे कोणती व कशी करायची, हे ज्या मजकुरात लिहिलेले असते ती इन्स्टॉलरची स्क्रिप्ट होय. इनो सेटअपमध्ये ती ‘आयएसएस’ या विस्ताराची साधी मजकूर फाइल असते. कंपायलर ती वाचतो, नमूद केलेल्या फाइल्स आकुंचित करून एकत्र बांधतो आणि ग्राहकाला द्यायची सेटअपची फाइल तयार करतो.

व्हिज्युअल एडिटर यात नेमके काय करतो?

इनो सेटअपची स्क्रिप्ट विभागांत मांडलेली असते. ‘सेटअप’ विभागात प्रोग्रॅमचे नाव, आवृत्ती आणि एकूण वर्तन येते, ‘फाइल्स’मध्ये कोणती फाइल कुठे जायची ते, ‘आयकॉन्स’मध्ये शॉर्टकट, ‘रजिस्ट्री’मध्ये रजिस्ट्रीच्या नोंदी, आणि ‘रन’मध्ये फाइल्स बसवून झाल्यावर चालवायच्या आज्ञा. व्हिज्युअल एडिटर या प्रत्येक विभागासाठी तक्ता किंवा फॉर्म दाखवतो, तुम्ही त्यात निवड करता आणि त्यानुसार तो ओळी लिहितो. जॉर्डन रसेल यांनी इनो सेटअप १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर त्याच्याभोवती अशी अनेक साधने उभी राहिली. ब्यॉर्नार हेंडेन यांचे आयएसटूल एके काळी फार वापरले जाई. ते थांबल्यावर अनेक जण किमोटोच्या इनो स्क्रिप्ट स्टुडिओकडे वळले. एनएसआयएस ही दुसरी लोकप्रिय प्रणाली वापरणाऱ्यांसाठी एचएम एनआयएस एडिट आहे, ज्यात संवादचौकटी माऊसने रचता येतात.

इनो सेटअपसोबत येणारा विझार्ड म्हणजेच व्हिज्युअल एडिटर का?

नाही. विझार्ड सुरुवातीला काही प्रश्न विचारून एकदाच स्क्रिप्ट लिहून देतो आणि बाजूला होतो. पुढचे बदल तुम्ही मजकुरात करता. व्हिज्युअल एडिटर मात्र असलेली स्क्रिप्ट पुन्हा उघडून तिच्यातील नोंदी फॉर्ममध्ये दाखवू शकतो. पहिल्यांदा इन्स्टॉलर करणाऱ्याने विझार्डनेच सुरुवात करावी आणि तयार झालेली फाइल नंतर एडिटरमध्ये उघडावी, म्हणजे दोन्हींचा फायदा मिळतो.

व्हिज्युअल एडिटर असताना स्क्रिप्टची भाषा शिकण्याची गरज आहे का?

लिहिता आली नाही तरी चालेल, पण वाचता आलीच पाहिजे. या विषयावर माझे मत ठाम आहे. ग्राहकाच्या संगणकावर जे घडते ते स्क्रिप्टमध्ये असते, एडिटरच्या पडद्यावर नव्हे. पडद्यावरच्या एका चौकोनात टिचकी मारल्याने कोणती ओळ बदलली, हे ज्याला दिसत नाही, त्याला ग्राहकाकडे अडचण आल्यावर ती दूरध्वनीवरून सोडवता येत नाही.

दुसरे कारण साधनांच्या आयुष्याशी निगडित आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत सेटअप तयार करण्याचा स्वतःचा व्हिज्युअल प्रकल्प-प्रकार होता. २०१२ च्या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला आणि ज्यांचे सगळे इन्स्टॉलर त्यावर उभे होते त्यांना अचानक दुसरी वाट शोधावी लागली. पुढे २०१४ मध्ये तो वेगळ्या एक्स्टेन्शनच्या रूपाने परत आला खरा, परंतु त्याची प्रकल्पफाइल माणसाने वाचावी अशी नव्हती आणि कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या नेहमीच्या बिल्ड प्रणालीलाही ती समजत नव्हती. इनो सेटअपच्या बाबतीत एडिटर बंद पडला तरी हातात साधा मजकूर उरतो आणि तो मूळ कंपायलरने जसाच्या तसा कंपाइल होतो. म्हणून एडिटर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की तो सरळ स्क्रिप्टच जतन करतो की स्वतःच्या वेगळ्या स्वरूपातली फाइल करतो. दुसऱ्या प्रकारचा एडिटर कितीही देखणा असला तरी टाळावा.

एडिटरने पहिली स्क्रिप्ट तयार करून दिली. कंपाइल करण्यापूर्वी काय तपासावे?

सर्वात आधी ‘सेटअप’ विभागातील ‘अ‍ॅप आयडी’ पाहावा. हा प्रोग्रॅमचा कायमचा ओळख क्रमांक असतो. पुढची आवृत्ती बसवताना आधीची आवृत्ती कुठे आहे हे इन्स्टॉलर याच क्रमांकावरून शोधतो, त्याच फोल्डरमध्ये नवीन फाइल्स घालतो आणि काढून टाकण्याची नोंदही एकच ठेवतो. नव्या आवृत्तीसाठी एडिटरमध्ये नवा प्रकल्प सुरू केला तर क्रमांकही नवा तयार होतो आणि ग्राहकाच्या प्रोग्रॅमच्या यादीत तुमचे नाव दोनदा दिसू लागते. त्याउलट, जुनी स्क्रिप्ट नक्कल करून अगदी वेगळ्या प्रोग्रॅमसाठी वापरली आणि क्रमांक तसाच राहिला, तर दुसरा प्रोग्रॅम पहिल्याच्या फोल्डरमध्ये जाऊन बसू शकतो. एक बारकावा असा की मजकुरात हा क्रमांक लिहिताना सुरुवातीचा महिरपी कंस दोनदा द्यावा लागतो, कारण एकेरी कंसाचा अर्थ कंपायलर ‘पुढे स्थिरांक (एखाद्या फोल्डरसारख्या जागेचे ठरलेले सांकेतिक नाव) आहे’ असा घेतो.

त्यानंतर फाइल्सचे मार्ग पाहावेत. माऊसने ओढून आणलेल्या फाइल्सचा पूर्ण मार्ग, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून तुमच्या वापरकर्तानावापर्यंत सगळा, स्क्रिप्टमध्ये उतरतो आणि ती स्क्रिप्ट सहकाऱ्याच्या संगणकावर कंपाइल होत नाही. स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजलेले सापेक्ष मार्ग वापरावेत.

प्रोग्रॅमचा डेटा कुठे ठेवावा? ग्राहक म्हणतात, ‘भरलेल्या नोंदी दिसत नाहीत.’

या तक्रारीचे मूळ बहुधा एडिटरमधल्या एका सोयीत असते. फाइल्सच्या तक्त्यात नवीन ओळ घातली की गंतव्य म्हणून ‘अ‍ॅप’ हा स्थिरांक आपोआप येतो, म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतःचे फोल्डर. आज्ञावलीच्या फाइल्ससाठी ते योग्यच आहे. डेटाबेसची फाइलही त्याच ओघात तिथे गेली की अडचण सुरू होते. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. विंडोज व्हिस्टापासून अशा वेळी जुन्या धाटणीच्या ३२ बिट प्रोग्रॅमचे लेखन मुकाट्याने वापरकर्त्याच्या खात्यातील ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरकडे वळवले जाते. परिणामी, सकाळी एका खात्यातून भरलेल्या पावत्या दुपारी दुसऱ्या खात्यातून बसलेल्या कारकुनाला दिसत नाहीत. प्रोग्रॅममध्ये काहीच बिघडलेले नसते; नोंदी प्रत्येकाच्या वेगवेगळ्या प्रतीत जात असतात.

एका संगणकावरील सर्वांनी मिळून वापरायचा डेटा सामायिक अ‍ॅप डेटाच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्यातील आपल्या उपफोल्डरला ‘डर्स’ या फोल्डर तयार करण्याच्या विभागात वापरकर्त्यांना बदल करण्याची परवानगी द्यावी. ज्याची त्याची पसंती, खिडकीचा आकार, शेवटचा अहवाल अशा गोष्टी वापरकर्त्याच्या स्वतःच्या अ‍ॅप डेटात जाव्यात. डेटाबेसच्या कोऱ्या फाइलला ‘आधी नसेल तरच’ आणि ‘कधीही अनइन्स्टॉल करू नका’ या अर्थाचे दोन्ही फ्लॅग (ओळीचे वर्तन ठरवणाऱ्या खुणा) लावावेत. पहिला राहून गेला, तर पुढची आवृत्ती बसवताना वर्षभराच्या नोंदींवर कोरी फाइल येऊन बसू शकते. एवढ्या गंभीर परिणामाची खूण एडिटरमध्ये इतर वीसेक खुणांच्या रांगेत अगदी सारख्या दिसणाऱ्या चौकोनात असते, म्हणून ती ओळ मजकुरात डोळ्यांनी वाचून खात्री करावी.

प्रशासकाचे अधिकार मागावेत की नाही?

विंडोज सेवा (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) बसवायची असेल किंवा प्रोग्रॅम सर्व खात्यांना हवा असेल, तर मागावेत. एकाच व्यक्तीच्या वापराचा प्रोग्रॅम असेल, तर ‘किमान अधिकार’ हा पर्याय निवडावा. इनो सेटअपच्या सहाव्या मालिकेत निवड वापरकर्त्यावर सोपवण्याचीही सोय आहे. त्यासाठी गंतव्य म्हणून ‘ऑटो’ने सुरू होणारे स्थिरांक वापरावेत; अधिकार असतील तर ते ‘प्रोग्रॅम फाइल्स’कडे आणि नसतील तर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरकडे नेतात.

माझा प्रोग्रॅम ६४ बिटचा आहे, तरी तो ‘प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६’ मध्ये का जातो?

कारण ६४ बिट पद्धतीने बसवा असे स्पष्ट सांगितल्याशिवाय सेटअप ३२ बिट पद्धतीनेच काम करतो. रजिस्ट्रीच्या नोंदीही मग ३२ बिटच्या वेगळ्या शाखेत जातात आणि तुमच्या प्रोग्रॅमला त्या सापडत नाहीत. ‘सेटअप’ विभागात त्यासाठी वेगळी सूचना आहे. ६.३ या आवृत्तीपासून तिच्या मूल्यात ‘एक्स६४ कंपॅटिबल’ असा पर्याय आला, जो आर्म प्रोसेसरवरच्या विंडोज ११ लाही सामावून घेतो. एडिटर जुना असेल तर त्याच्या यादीत हे मूल्य दिसणार नाही. ते थेट मजकुरात लिहावे.

‘इग्नोर व्हर्जन’ हा फ्लॅग सगळीकडे आपोआप लागलेला दिसतो. ठेवावा का?

स्वतःच्या प्रोग्रॅमच्या फाइल्ससाठी ठेवावा. एरवी इन्स्टॉलर आधीच्या फाइलची आवृत्ती तपासतो आणि ती नवी असल्यास तिला हात लावत नाही. या फ्लॅगमुळे ती तुलना होत नाही आणि नेहमी तुमचीच फाइल बसते. मात्र इतर प्रोग्रॅमही वापरत असलेल्या सामायिक प्रणाली-फाइलवर तो कधीही लावू नये. विझार्डने तयार केलेल्या स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच सूचना टिप्पणी म्हणून लिहिलेली असते. फॉर्ममधूनच काम करणाऱ्याच्या नजरेला ती टिप्पणी पडतच नाही.

अनइन्स्टॉल केल्यावर काही फाइल्स मागे राहतात. पूर्ण फोल्डर पुसण्याची आज्ञा द्यावी का?

देऊ नये. इनो सेटअपचा अनइन्स्टॉलर स्वतः बसवलेल्या गोष्टींची नोंद ठेवतो आणि तेवढ्याच काढतो. प्रोग्रॅमने नंतर तयार केलेल्या फाइल्स त्या नोंदीत नसल्यामुळे राहतात. ‘अनइन्स्टॉल डिलीट’ विभागाच्या फॉर्ममध्ये ‘फाइल्स व फोल्डर’ हा प्रकार निवडून समोर प्रोग्रॅमचे फोल्डर लिहिले की सगळे साफ होते, हे खरे आहे. परंतु एखाद्या ग्राहकाने इन्स्टॉल करताना गंतव्य म्हणून आपले इतर कागदपत्रांचे फोल्डर निवडलेले असेल, तर तेही त्याच्यासोबत नाहीसे होईल. इनो सेटअपच्या दस्तऐवजातही याविरुद्ध स्पष्ट ताकीद आहे. लॉग किंवा तात्पुरत्या फाइल्स काढायच्या असतील, तर त्यांची नावे एकेक करून द्यावीत.

एनएसआयएसमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तिथे काढून टाकण्याचा भाग स्वतः लिहावा लागतो, आणि एडिटरने तो लिहून दिला असला तरी नंतर हाताने घातलेली प्रत्येक फाइल त्यात आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी तुमचीच असते.

व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम किंवा डॉट नेट सोबत कसा बसवावा?

त्याचा स्वतंत्र इन्स्टॉलर ‘फाइल्स’ विभागातून तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवावा, काम झाल्यावर पुसण्याचा फ्लॅग लावावा आणि ‘रन’ विभागातून तो शांतपणे चालवावा. तो आधीच असेल तर पुन्हा चालू नये म्हणून तपासणीचे एक छोटे फंक्शन ‘कोड’ विभागात लिहावे लागते. सेटअपचा आकार लहान ठेवायचा असल्यास ६.१ पासून इनो सेटअपमध्येच डाउनलोडचे पान दाखवता येते. पण माझा सल्ला असा की इंटरनेटची खात्री नसलेल्या गावातल्या कार्यालयांत प्रोग्रॅम जाणार असेल, तर रनटाइम सोबतच द्यावा. त्याने वाढणारा आकार सोसता येतो. अर्ध्यावर अडकलेले इन्स्टॉलेशन सोसत नाही.

‘कोड’ विभाग व्हिज्युअल एडिटरने लिहिता येतो का?

फारसा नाही. तो पास्कल स्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचा असतो. इनो सेटअपच्या स्वतःच्या साधनांत संदेशचौकटीची ओळ तयार करून देणारी सोय आहे, मात्र अटी आणि तर्क तुम्हालाच मांडावे लागतात.

सेटअपचे संदेश मराठीत दाखवता येतात का? देवनागरी फॉन्टही सोबत बसवता येईल का?

दोन्ही येते. २०१९ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून इनो सेटअप युनिकोडमध्येच काम करतो, त्यामुळे देवनागरीसाठी वेगळी आवृत्ती शोधावी लागत नाही. अनधिकृत भाषांतरांत मराठीची फाइल आहे. ती ‘लँग्वेजेस’ विभागात जोडावी. जे संदेश तिच्यात नसतील त्यांच्या जागी कंपायलर इशारा देऊन मूळ इंग्रजी संदेश वापरतो. हे इशारे वाचावेत, राहिलेले संदेश स्वतः लिहावेत आणि असलेलेही सावकाश तपासावेत. पतसंस्थेतल्या लेखनिकाला ‘पुढे’, ‘मागे’, ‘रद्द करा’ एवढे स्वच्छ मराठीत दिसले तरी त्याचा हात धीटपणे चालतो. भाषेची फाइल नेहमी युटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत जतन करावी. एडिटरने दुसऱ्या पद्धतीने जतन केली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

फॉन्टसाठी ‘फाइल्स’ विभागातील ओळीत फॉन्टचे नाव देण्याचा स्वतंत्र घटक असतो. तिथे फाइलचे नाव चालत नाही, फॉन्टचे अंतर्गत नाव लागते. तो आधी नसेल तरच बसावा आणि प्रोग्रॅम काढला तरी राहावा असे दोन्ही फ्लॅग द्यावेत, कारण ग्राहकाने तोपर्यंत त्याच फॉन्टमध्ये आपली पत्रे लिहिलेली असू शकतात. प्रशासकाच्या अधिकारांशिवाय, फक्त एका खात्यापुरता फॉन्ट बसवणे विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून शक्य झाले आहे. फॉन्टचा परवाना असे वाटप करू देतो का, हेही आधी पाहावे.

एडिटरमध्ये जतन केल्यावर स्क्रिप्टचा क्रम बदलला आणि टिप्पण्या इकडेतिकडे गेल्या. काय करावे?

स्क्रिप्ट गिटमध्ये (फाइलमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवावी आणि एडिटरमधून जतन केल्यानंतर प्रत्येक वेळी फरक वाचावा. प्रीप्रोसेसरच्या (कंपाइल होण्यापूर्वी स्क्रिप्टवर प्रक्रिया करणाऱ्या भागाच्या) अटी असलेल्या स्क्रिप्टमध्ये हे विशेष जपावे, कारण अटीनुसार येणाऱ्या-जाणाऱ्या ओळी सपाट तक्त्यात दाखवणे एडिटरला अवघड जाते. अशा अटी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मुख्य स्क्रिप्टमध्ये समाविष्ट कराव्यात आणि फॉर्ममधले काम साध्या विभागांपुरते ठेवावे. आवृत्तीचा क्रमांकही फॉर्ममध्ये हाताने भरू नये. प्रीप्रोसेसर तो थेट तुमच्या प्रोग्रॅमच्या फाइलमधून वाचू शकतो.

स्क्रिप्ट एकदा स्थिर झाली की रोजचे कंपाइल एडिटर न उघडता आज्ञारेषेवरील कंपायलरने करता येते. तो यशस्वी झाल्यास ० आणि स्क्रिप्टमध्ये चूक असल्यास २ हा संकेत परत देतो, त्यामुळे स्वयंचलित बिल्डमध्ये त्याला सहज बसवता येते.

सेटअप उघडताच विंडोज निळी चौकट दाखवून अडवते. स्क्रिप्टमध्ये काही राहिले का?

राहिली ती डिजिटल स्वाक्षरी. अनोळखी प्रकाशकाच्या फाइलवर स्मार्टस्क्रीन ही विंडोजची सुरक्षा-सोय असा इशारा देते. त्यासाठी कोड साइनिंगचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि १ जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली (जिने स्वाक्षरी केली जाते ती गुप्त संख्या) सुरक्षित हार्डवेअरमध्ये असणे बंधनकारक आहे. स्वाक्षरीची आज्ञा स्क्रिप्टमध्ये नोंदवली की कंपायलर सेटअप आणि अनइन्स्टॉलर दोन्हींवर स्वाक्षरी करून घेतो. सोबत कालमुद्राही (स्वाक्षरी कधी केली याची नोंद) घ्यावी, म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपली तरी आधीची स्वाक्षरी ग्राह्य राहते.

एकाच कार्यालयातील अनेक संगणकांवर न विचारता इन्स्टॉल करता येईल का?

येईल. ‘व्हेरी सायलेंट’ हा पर्याय आज्ञारेषेवर दिला की विझार्ड आणि प्रगतीची खिडकी दोन्ही दिसत नाहीत. एका संगणकावर केलेली निवड फाइलमध्ये जतन करून बाकीच्यांवर तीच लावण्याचीही सोय आहे. त्याआधी तुमच्या ‘कोड’ विभागातील संदेशचौकट कुणाच्या उत्तराची वाट पाहत थांबणार नाही, याची खात्री करावी.

चाचणी कुठे आणि कशी घ्यावी?

आपल्या विकासाच्या संगणकावर तर नाहीच. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझ प्रकारांत विंडोज सँडबॉक्स मिळतो. बंद केला की तो सगळे विसरतो, त्यामुळे दर वेळी कोरा संगणक हाती येतो. होम प्रकारात तो नाही, तिथे आभासी यंत्र वापरावे. चाचणीचा क्रम असा ठेवावा : आधी जुनी आवृत्ती बसवावी, प्रोग्रॅम उघडून चार नोंदी भराव्यात, त्यावर नवी आवृत्ती बसवावी, नोंदी जागेवर आहेत का पाहावे, मग प्रोग्रॅम काढावा आणि काय राहिले ते फोल्डर व रजिस्ट्री दोन्हींत तपासावे. हे सारे प्रशासक नसलेल्या खात्यातूनही एकदा करावे. सेटअप चालवताना लॉगचा पर्याय दिल्यास प्रत्येक फाइल बसली की वगळली आणि कोणत्या कारणाने, हे ओळीओळीने लिहिलेले मिळते. ग्राहकाकडे अडचण आल्यास त्याच्याकडूनही हीच लॉगची फाइल मागवावी आणि ती स्क्रिप्टशेजारी उघडून वाचावी.